आकडा शून्यावर थांबेना

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही" असं इथे आपले असे अनुभव लिहिणारे बहुतेक जण पहिल्याच ओळीत सांगतात. मीही तेच सांगणार होतो. मग वाटलं, त्यापेक्षा मी काम काय करतो ते सांगावं, म्हणजे तुमचं तुम्हीच ठरवाल... मी घरं तपासतो. घरात हवा कुठून येते, कुठून जाते, भिंतीतून आणि छतातून ऊन-थंडी किती झिरपते, हे यंत्र लावून मोजायचं आणि रिपोर्ट द्यायचा. गुरुग्राममधल्या एका छोट्या कंपनीत मी हे काम करायचो. "या खोलीत काहीतरी आहे, अचानक गार झुळूक लागते" असं कुणी म्हणालं, की मी तिथे जाऊन चौकटीतली फट शोधून द्यायचो. दरवेळी फट सापडली. फटीशिवाय दुसरं काही कधी सापडलं नाही.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, सेलूच्या जिनिंग मिलमध्ये एकतीस वर्षं कापसाच्या धुरळ्यात उभे राहिले. स्वतःची छाती खराब करून घेतली, तेव्हा मी इंजिनिअरिंगला जाऊ शकलो. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मला स्वतःच्या घरी बसवून दोन वर्षं फुकट शिकवलं. त्यामुळे विज्ञान माझ्यासाठी नुसता मार्कांचा विषय नाही. ज्यांच्यामुळे मी इथवर आलो, त्यांचा विश्वास त्यात आहे. म्हणून पुढचं लिहिताना मला खरोखर लाज वाटते. तरी लिहितो.

माझी बायको शुभांगी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला आहे. तिच्या नावावर आम्हाला दिल्लीत सरोजिनी नगरमध्ये जुनं सरकारी क्वार्टर मिळालं होतं. तळमजला. पुढची खोली, मागची खोली, मध्ये अरुंद स्वयंपाकघर, मागे जाळीचा व्हरांडा. मागच्या खोलीत छताला लागून एक छोटी आडवी खिडकी होती. तिला इथे सगळे रोशनदान म्हणतात. मधोमध बिजागरी, काचेचं झाकण आणि खाली लोंबणारी दोरी. दोरी ओढली की ते उघडायचं. आमची मुलगी ओवी तेव्हा सहा वर्षांची होती. त्या दोरीला लोंबकळणं हा तिचा आवडता खेळ.

ओवीला दमा होता. दिल्लीतल्या पोरांना होतो तसाच, असं आम्ही आधी समजायचो. दिवाळीनंतर हवा जड व्हायची, ती रात्रंदिवस खोकायची. ती दिल्लीतच वाढलेली, तिला "धाप" हा शब्द माहीत नव्हता. ती म्हणायची, "बाबा, मेरी साँस अटकली."

मी तिचा बाप आणि हेच माझं काम. मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. मी घर सील केलं. दारांना रबरी पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटीत फोम, वायरींच्या भोकांत सिलिकॉन. मागच्या भिंतीला आतून थर्माकोल. सगळ्यात शेवटी रोशनदान. त्यावर थर्माकोलचा तुकडा कापून बसवला आणि चारी बाजूंनी चंदेरी टेप मारली. दोरी गुंडाळून खिळ्याला अडकवली. आत एअर प्युरिफायर लावला. त्याचा लाल दिवा हिरवा झाला तेव्हा मी त्याचा फोटो काढून आप्पांना पाठवला.

आप्पा महिनाभराने आमच्याकडे हिवाळाभर राहायला आले. दारातून आत पाऊल टाकताच थांबले.

"संज्या, हे काय करायलास? पोरीला बरणीत घातलास की लोणच्यासारखं."

"आप्पा, बाहेरची हवा विष आहे. तुमच्या वेळी नुसता कापूस होता. ही धूळ डोळ्यांना दिसतसुद्धा नाही."

"कापूस बी नाकात गेल्यावरच कळायचा," ते म्हणाले. "पण मिलला खिडक्या होत्या. चार वाजता बाहेर येऊन श्वास घ्यायचो. ही कुठं जाऊन घेणार?"

"मशीन आहे ना आत."

"मशीन हिच्यासाठी श्वास घेतंय का?"

मी हसलो. शुभांगीही हसली. आप्पांनी खिळ्याची दोरी सोडली, एकदा ओढून पाहिली, रोशनदान हललं नाही, आणि ते चहाला बसले.

ओवी त्या हिवाळ्यात बरी झाली नाही. उलट वाढलंच. थर्माकोलच्या मागे भिंतीला ओल धरली होती, काळे ठिपके आले होते. घरात वाळत घातलेले कपडे, कुकरची वाफ, चार माणसांचे श्वास, सगळं आतच फिरत होतं. हे मला कळायला हवं होतं. लोकांच्या घरांच्या रिपोर्टमध्ये मी हे लिहायचो... स्वतःच्या घरात मला फक्त हिरवा दिवा दिसत होता.

एका शुक्रवारी तिचे ओठ निळसर दिसायला लागले. आम्ही तिला हॉस्पिटलमध्ये नेलं, दाखल केलं. मुलाजवळ एकाच माणसाला थांबू देत होते. शुभांगी थांबली. शनिवारी सकाळी मी डबा घेऊन गेलो, तेव्हा ओवी मास्क लावून अर्धवट बसली होती. प्रत्येक श्वासाला तिच्या गळ्याखाली खळगा पडत होता. डॉक्टर तरुण होते, रात्रभर जागलेले. म्हणाले, "घर चेक कीजिए। वहाँ कुछ है। ऐसे ही वापस ले गए तो फिर आएगी, और हर बार हम बचा लें, ज़रूरी नहीं।"

मी घरी निघालो तो एकाच विचाराने, की अजून कुठेतरी फट राहिली आहे. ती शोधायची आणि बुजवायची. म्हणजे मी आणखी सील करायला निघालो होतो. तेव्हा तेवढंच सुचत होतं.

ऑफिसमधून मशीन आणलं. ते कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. समोरच्या दाराच्या चौकटीत कॅनव्हासचा पडदा ताणून बसवायचा, त्यात मोठा पंखा. पंखा घरातली हवा बाहेर खेचतो. मग जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसते आणि उदबत्तीचा धूर तिथे हलतो. सोबत हाताएवढं एक मीटर असतं. त्याला दोन तोंडं. एक घरात उघडं, दुसऱ्याला नळी लावून ती बाहेर सोडायची. आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबात किती फरक आहे ते मीटर सांगतं आणि सेकंदासेकंदाची नोंद ठेवतं. पंखा सुरू करण्याआधी त्याच्यावर झाकण ठेवून काही मिनिटं नुसतं बघत बसायचं. बाहेर वारा नसेल तर आकडा शून्याच्या आसपास पडून राहतो. मी हे काही शे घरांत केलंय. कंटाळवाणं काम आहे.

सकाळचे साडेअकरा वाजले होते. बाहेर वारा अजिबात नव्हता, समोरच्या कडुलिंबाचं पान हलत नव्हतं. आप्पा मागच्या खोलीत स्टुलावर उदबत्ती धरून बसले होते, कारण मी त्यांना तसं सांगितलं होतं. मी पुढच्या खोलीत मीटर सुरू केलं.

आकडा शून्यावर थांबेना.

अधिक दोन. उणे दोन. अधिक दोन. उणे दोन. मी नळी तपासली, मीटर बंद करून सुरू केलं. तेच. फ्रिज बंद केला. मेन स्विच बंद केला. वरच्या मजल्यावरच्यांना विचारून आलो, त्यांची सगळी दारं बंद होती. पुन्हा तेच. सवयीने घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला शेहेचाळीस.

"संज्या," आतून आप्पांची हाक आली. "हा धूर बघ जरा."

मी मधल्या दारात जाऊन उभा राहिलो. उदबत्तीचा धूर सरळ वर चढत होता, रोशनदानाजवळ जाऊन वाकत होता, पुन्हा मागे येत होता. पुन्हा जायचा, पुन्हा मागे यायचा. तिथे थर्माकोल होता, टेप होती, कुठेही फट नव्हती. मी स्वतः मारलेली टेप होती ती.

आप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "धाप लागल्यागत चाललंय की हे."

आणि मला शेहेचाळीस हा आकडा कुठे पाहिला ते आठवलं. त्याच सकाळी, ओवीच्या पलंगाच्या पायथ्याला टांगलेल्या कागदावर. नर्सने लिहिला होता, श्वासाच्या रकान्यात.

मी शुभांगीला फोन लावला. स्पीकर सुरू केला. फोन मीटरशेजारी खुर्चीवर ठेवला.

"ओवी कशी आहे?"

"तशीच. डॉक्टर आलेत आत्ता. अहो, मी नंतर करते."

"ठेवू नकोस. एक काम कर. तिची छाती वर आली की नुसतं 'हं' म्हण. प्रत्येक वेळी."

"काय बोलताय तुम्ही? बरे आहात ना?"

"शुभा, प्लीज. मी हात जोडतो."

 मग तिचा दमलेला आवाज आला. "हं. हं. हं. हं."

प्रत्येक "हं" ला आकडा वर जात होता. एकही चुकला नाही. मी दहा मोजले, वीस मोजले. मधल्या दारातून मला आप्पा दिसत होते. त्यांना मीटर दिसत नव्हतं. ते धुराकडे बघत होते आणि फोनमधल्या प्रत्येक "हं" बरोबर त्यांची मान हलत होती.

 पळून जावंसं वाटत होतं, पण मीटर सोडवत नव्हतं. ते सोडलं तर ओवीला सोडल्यासारखं होईल, असं वाटत होतं. असं का वाटावं, मला सांगता येत नाही.

मग वेग कमी व्हायला लागला. चाळीस. पस्तीस. मला हायसं वाटलं.

"उतरतोय ना ग? बरं वाटतंय का तिला?"

"नाही," शुभांगी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "डॉक्टर म्हणतायत थकतेय ती. म्हणतायत हे चांगलं नाही... हं." मग बराच वेळाने, "हं."

आकडा लहान होत गेला. दीड. एक. अर्धा. मग "हं" आलाच नाही, आणि मीटरवर शून्य आलं. मघापासून मी ज्या शून्याची वाट बघत होतो, ते शून्य.

"थांबलीये," शुभांगी म्हणाली. "अहो... ती थांबलीये." मग फोन कुठेतरी आपटल्याचा आवाज, धावपळ, कुणीतरी हिंदीत ओरडून काहीतरी मागितलं.

मी काय करायला हवं होतं? टॅक्सी पकडायला हवी होती, देवाचं नाव घ्यायला हवं होतं. मी मागच्या खोलीकडे धावलो. पायात काहीतरी अडकलं, झटकून पुढे गेलो. रोशनदानाची दोरी दोन्ही हातांनी ओढली. दोरीच तुटून हातात आली. आप्पांनी स्टूल रिकामं करून पुढे सरकवलं. मी चढलो, नखांनी टेप ओरबाडली, थर्माकोल उपटला. आतलं झाकण जुन्या रंगाने चौकटीला चिकटून बसलं होतं, हलेना.

"हे घे," आप्पा म्हणाले. त्यांनी स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा बत्ता आणला होता.

मी काच फोडली. तुकडे माझ्या डोक्यात, आप्पांच्या अंगावर पडले. बाहेरची हवा आत आली. दिल्लीची ती घाण, धुराचा वास असलेली हवा, जिच्यापासून मी पोरीला वाचवत होतो. आप्पा खाली उभे होते, खोकत होते, आणि त्या भोकाकडे तोंड करून हळूहळू म्हणत होते, "घे. घे माय, घे."

पुढच्या खोलीतून, फोनमधून आवाज आला.

"हं."

मी स्टुलावरच बसलो. शुभांगीने फोन उचलला होता, ती रडत होती, पण मी सांगितलेलं काम तिने सोडलं नव्हतं. "हं," ती म्हणाली. आणि पुन्हा, "हं."

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. ओवीला डॉक्टरांनी वाचवलं. त्यांनी त्याच वेळी पंप लावून तिला श्वास दिला होता, इंजेक्शन दिलं होतं. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. काच फुटायची आणि तिचा श्वास परत यायची वेळ एक पडली, हा योगायोग असू शकतो. शुभांगी तसंच मानते. मलाही तसंच मानता आलं असतं...

पण संध्याकाळी हॉस्पिटलमधून परत येऊन सामान आवरताना मला दिसलं की मीटरची बाहेर जाणारी नळी जमिनीवर पडली होती. धावताना माझ्या पायात अडकलं होतं ते हेच. ती मीटरमधून निसटली होती. म्हणजे त्या क्षणापासून मीटरची दोन्ही तोंडं एकाच खोलीत उघडी होती. दोन्हीकडे एकच हवा. फरक कशात मोजणार? अशा वेळी त्याने शून्यच दाखवायला हवं.

सोमवारी मी नोंद ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडली. माझे वरिष्ठ कोहली सर मागून आले. चेष्टेखोर माणूस.

"ओए संजय, ये किसका ईसीजी उठा लाया?"

मी त्यांना सगळं सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले. आलेखात सुरुवातीची दाट लाट होती, मग विरळ होत गेलेली, मग सपाट रेघ. सपाट रेघेत दहाव्या सेकंदाला एक टोक होतं. ते नळी निसटल्याचं. पुढे पाऊण मिनिट पुन्हा सपाट. आणि मग लाट परत सुरू झाली होती. संथ, सारखी, मिनिटाला चोवीस. मी मीटर बंद करून हॉस्पिटलकडे धावलो तोवर ती चालू होती.

"मीटर ख़राब होगा यार," सर म्हणाले. आम्ही ते दुसऱ्या मीटरशेजारी ठेवून दिवसभर तपासलं. बिल्कुल ठीक होतं. संध्याकाळी निघताना ते माझ्या टेबलाशी थांबले. चेष्टा नव्हती चेहऱ्यावर. "डिलीट मत करना," म्हणाले, "पर मुझे दोबारा मत दिखाना।"

आम्ही भिंतीचा थर्माकोल काढला, ओल खरवडून चुना मारला. फुटलेल्या रोशनदानाला फक्त जाळी लावली. ओवीचा दमा गेला नाही, पण तिला पुन्हा दाखल करावं लागलं नाही. मी त्या घरात परत मशीन लावलं नाही. हिंमत झाली नाही.

दोन वर्षांनी नोटीस आली. आमचा ब्लॉक पाडायचा होता, नव्या इमारती होणार होत्या. आम्हाला दुसरीकडे क्वार्टर मिळालं, सामान हललं. सगळ्यांना नव्या घराचा आनंद होता. मी मात्र रोज पाडकामाच्या कार्यालयात जाऊन विचारायचो, आमचा ब्लॉक कधी पाडणार, थोडं पुढे ढकलता येईल का.

"सर, कुछ सामान रह गया है क्या?" तिथला बाबू विचारायचा. 

पाडायच्या दिवसाच्या आदल्या सकाळी आप्पा सेलूहून आले. कशाला आलात असं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवशी ओवीला शाळेत पाठवलं नाही. आम्ही तिघे रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलो. माझ्या खिशात तिचा दम्याचा पंप होता, तळहात तिच्या पाठीवर. हॉस्पिटल तिथून किती मिनिटांवर आहे ते मी आदल्या दिवशी रिक्षाने जाऊन पाहून आलो होतो.

जेसीबीचा दात मागच्या भिंतीला लागला. जाळी लावलेलं ते भोक एकदा दिसलं आणि भिंत खाली बसली. धुळीचा लोट आमच्याकडे आला. मी ओवीच्या नाकातोंडावर हात दाबला.

तिने माझा हात दोन्ही हातांनी बाजूला केला.

"बाबा, साँस तर घेऊ द्या ना."

आणि तिने घेतला. रडून झाल्यावर मुलं घेतात तसा, लांब आणि खोल. मग आप्पांचा हात धरून, मोमो कुठे मिळतात ते त्यांना दाखवायला निघून गेली. मी तिथेच उभा राहून हातावरच्या धुळीकडे बघत होतो.

ओवी आता अकरा वर्षांची आहे. चांगली आहे. ती नोंद अजून माझ्याकडे आहे. पाच वर्षांत मी ती कितीदा उघडली त्याची गणती नाही. मला त्याचं उत्तर मिळालेलं नाही. इथे कुणी यंत्रांतलं जाणकार असेल तर कृपा करून सांगा, माझी चूक कुठे झाली. नळी, मीटर, मोजणं, कुठेतरी चुकलं असेल. चूक माझी निघाली तर मला फार बरं वाटेल.